जेमिनिड्सच्या रात्री उल्का मोजायच्या कशा? पहिल्यांदाच बसणाऱ्यांसाठी

दर डिसेंबरात जेमिनिड्स हा उल्कावर्षाव आला की व्हॉट्सॲपवर तोच मेसेज फिरतो, "आज रात्री ताऱ्यांचा पाऊस, चुकवू नका", मग लोक हौसेने गच्चीवर जातात, दहा मिनिटं वर बघतात, मान अवघडते, एखादी उल्का दिसते किंवा तीही दिसत नाही, आणि "काही नाही रे" म्हणत खाली येऊन झोपतात. मला याची खरंच हळहळ वाटते, कारण थोडी तयारी करून बसलं तर त्याच रात्री एकटा माणूस शंभराच्या वर उल्का बघू शकतो, आणि नीट नोंदवल्या तर त्या नोंदी संशोधनाला उपयोगी पडतात. दुर्बीण लागत नाही, उलट दुर्बिणीतून आकाशाचा एवढासा तुकडा दिसतो म्हणून ती घरीच ठेवा. डोळे, वही, घड्याळ आणि जागरणाची तयारी, बास.

आधी शब्द नीट करून घेऊ कारण बातम्यांमध्ये सगळ्यालाच उल्का म्हणतात. अवकाशात फिरतोय तोपर्यंत त्या खड्याला उल्काभ म्हणायचं, साधारण ३० मायक्रोमीटरपासून १ मीटरपर्यंतचा. तो हवेत शिरल्यावर जी उजेडाची रेघ दिसते ती उल्का, म्हणजे उल्का ही वस्तू नाहीच, ती घटना आहे. आणि त्यातलं काही उरून जमिनीवर आलंच तर तो अशनी. लहानपणी आपण "तारा तुटला" म्हणायचो, पण तारे आपल्या जागी असतात, ही सगळी गडबड आपल्या डोक्यावर ८० ते १२० किलोमीटरवर चाललेली असते, म्हणजे पुणे-मुंबई अंतर उभं केलं तर त्याच्याही आतच.

जेमिनिड्सच का

इंग्रजी साइट्स वाचल्या की सगळे ऑगस्टमधल्या पर्सिड्सचं कौतुक करतात. आपल्याकडे १२-१३ ऑगस्ट म्हणजे भर पावसाळा, ढगांपलीकडे काय चाललंय ते कळणारच नाही, त्यामुळे महाराष्ट्रात बसून पर्सिड्सची स्वप्नं बघू नका. जेमिनिड्स मात्र आपल्यासाठीच असल्यासारखा येतो, १३-१४ डिसेंबरला, हवा कोरडी, आकाश बहुतेक वेळा निरभ्र, आणि मिथुन रास संध्याकाळीच उगवत असल्यामुळे पहाटेपर्यंत थांबायची सक्ती नाही. वर्षातला सगळ्यात भरवशाचा वर्षाव आहे हा. आदर्श परिस्थितीत तासाला १५० च्या आसपास उल्का असं म्हणतात (आदर्श म्हणजे काय ते पुढे सांगते, तिथेच सगळी गंमत आहे).

नवख्यांसाठी अजून एक सोय म्हणजे वेग. नोव्हेंबरातले लिओनिड्स सेकंदाला ७१ किलोमीटरने येतात, पर्सिड्स ५९ ने, मान वळेपर्यंत खेळ खलास. जेमिनिड्स ३५ किलोमीटरने येतात, म्हणजे नजर तिच्यावर जाते, कुठून कुठे गेली ते लक्षात राहतं.

आणि यांचं मूळही वेगळंच आहे. बहुतेक वर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे, मे महिन्यातला ईटा अक्वेरिड्स आणि ऑक्टोबरातला ओरायनिड्स हे दोन्ही हॅलेच्या धूमकेतूचे, पण जेमिनिड्सचा धनी कोण ते १९८३ पर्यंत कुणाला सापडत नव्हतं. त्या वर्षी आयरास उपग्रहाने एक लघुग्रह शोधला, पुढे त्याला फेथॉन नाव मिळालं, आणि खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांच्या लक्षात आलं की याची कक्षा आणि जेमिनिड्सची कक्षा एकच आहे. हा ५-६ किलोमीटरचा दगड १.४ वर्षात सूर्याभोवती फेरी मारतो आणि बुधाच्याही बराच आत जाऊन येतो, तिथे तो इतका भाजून निघतो की त्यातलं सोडियम उडून जातं, २०२३ मध्ये त्याची शेपटी सोडियमची आहे हे दाखवलं गेलं. जेमिनिड्सच्या वर्णपटातही बऱ्याचदा सोडियम कमी मिळतं, त्याचं कारण हेच भाजणं मानतात. दगडाने भाजताना जे सोडियम गमावलं त्याची उणीव आपल्या गच्चीवरून दिसणाऱ्या रेघांमध्ये सापडते, मला ही गोष्ट फार आवडते.

एवढासा खडा इतका उजेड पाडतो कसा, हा प्रश्न दरवेळी येतो म्हणून एक छोटा हिशोब. हरभऱ्याएवढा, १ ग्रॅमचा खडा घ्या. वेग सेकंदाला ३५ किलोमीटर. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग केला की साधारण ६ लाख ज्यूल येतात. आता १० टनाचा भरलेला ट्रक ताशी ४० किलोमीटरने जातोय त्याची ऊर्जा काढा, तीही ६ लाख ज्यूलच. तो ट्रक एका हरभऱ्यात भरलाय आणि हवेचे कण आपटून आपटून एक-दोन सेकंदात रिकामा होतोय असं समजा. खड्याचे अणू सुटतात, तापतात, आणि तो उजेड आपल्याला दिसतो. हिरवट छटा बऱ्याचदा मॅग्नेशियमची, पिवळी सोडियमची.

जागा, वेळ, अंथरूण

आधी चंद्र बघा. घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर १३ आणि १४ डिसेंबरची तिथी बघितली की अॅपची गरज नाही. शुद्ध सप्तमीपर्यंत असेल तर चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, मग उत्तररात्र तुमची. वद्य दशमीनंतर असेल तर तो तीनच्या पुढेच उगवतो, त्याआधीची रात्र तुमची. पौर्णिमेच्या आसपास असेल तर ठळक उल्का तेवढ्या दिसतील, मन खट्टू करून घेऊ नका.

जागा अंधारी हवी पण सुरक्षितही हवी, या दोन्हींत भांडण झालं तर सुरक्षितता निवडा. आम्ही फलटणजवळ माझ्या माहेरच्या शेतात बसतो, घराच्या गच्चीवर, खालचे दिवे बंद करून. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागात असाल तर उसाच्या फडाशेजारी उघड्यावर झोपायचं नाव काढू नका, बिबट्याचा वावर आहे, घराच्या स्लॅबवरच बसा. अनोळखी गावात जात असाल तर पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा, रात्री दोनला रानात टॉर्च घेऊन बसलेली माणसं बघून गाव घाबरणारच. विदर्भातल्यांची मजा आहे, पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळालीय. एकटं जमत नसेल तर पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची, मुंबईत खगोल मंडळ आहे, त्यांच्याबरोबर एकदा जाऊन या, रात्रीचं आकाश वाचायला माणसाकडून शिकलेलं कधीही बरं.

वेळेचं असं आहे की रेघा ज्या बिंदूतून निघाल्यासारख्या वाटतात तो पुनर्वसूच्या जोडीतल्या कॅस्टर ताऱ्याजवळ आहे. उसाच्या सरीत उभं राहून लांब बघितलं की सगळ्या सऱ्या पुढे एका ठिकाणी मिळाल्यासारख्या दिसतात, प्रत्यक्षात त्या समांतरच असतात, तसंच हे. याला उद्गमबिंदू म्हणायचं. पुण्याच्या अक्षांशावरून तो साडेदहाला ३५-४० अंशावर असतो, साडेबाराच्या सुमाराला ६० अंशावर, आणि रात्री अडीचला जवळजवळ डोक्यावर. जितका वर तितक्या जास्त उल्का. एकदम बसायचं असेल तर साडेअकरा ते साडेतीन या चार तासांसारखं काही नाही.

थंडीला कमी लेखू नका, डिसेंबरात उघड्यावर निश्चल पडून राहिलं की दोनच्या पुढे दव अंगावर येतं. खाली चटई, वर जाड सतरंजी, मग गोधडी, कानटोपी, दोन मोजे. झोपूनच बघायचं म्हणजे मान वाचते. टॉर्चला लाल जिलेटिन कागद तीन-चार पदरी लावा, आणि मोबाईल पालथा. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि एक व्हॉट्सॲप नोटिफिकेशन तो अर्धा तास मातीत घालतं, त्यामुळे सोबतच्यांना आधीच बजावून ठेवा.

मोजणी

इथे मी माझं पहिलं वर्ष सांगते. पहाटेपर्यंत बसले, ११७ उल्का मोजल्या, वहीत रेघा मारल्या, इतका आनंद झाला होता. नंतर नोंदी पाठवायचा फॉर्म भरायला बसले तर त्यात विचारलं होतं, कुठून कुठपर्यंत बघितलंत, मधे किती वेळ उठलात, किती अंधुक तारे दिसत होते, ढग किती. मला यातलं काहीही आठवेना. चहाला उठले होते पण किती वेळ? आकडा ११७ असा नुसताच लटकून राहिला, कुणाच्याही कामाचा नाही. म्हणून कळकळीने सांगते, उल्का चुकली तर चालेल, वेळ आणि आकाशाची स्थिती चुकवू नका.

वहीत बघायच्या ऐवजी बोलून रेकॉर्ड करा, नजर खाली न्यायची गरज पडत नाही. फोनचं रेकॉर्डिंग चालू करून उशीजवळ पालथा ठेवायचा, सुरुवातीला घड्याळ बघून वेळ सांगायची, "सुरू, अकरा चाळीस". मग प्रत्येक उल्केला तीन गोष्टी, ओळख (जेमिनिड, म्हणजे "जेम", की दुसरीकडून आलेली "भटकी"), प्रत (म्हणजे ठळकपणाचा आकडा, पुढे सांगते), काही खास असेल तर ते. माझं रेकॉर्डिंग ऐकलं तर असं असतं: "जेम, दोन... जेम, तीन... भटकी, एक... जेम, उणे एक, हिरवट, माग राहिला दोन सेकंद... चहा, थांबले, बारा दहा... परत सुरू, बारा अठरा." बस इतकंच.

जेम की भटकी हे ठरवायचं कसं? उल्का दिसली की तिची रेघ मनात मागे वाढवायची, हात ताणून दोरी किंवा काठी धरली तर अजून सोपं. ती कॅस्टरपाशी पोचत असेल आणि वेग मध्यम असेल तर जेमिनिड. दुसरीकडून येत असेल तर भटकी, या तर वर्षभर कुठल्याही रात्री येतच असतात, अंधाऱ्या जागी तासाला काही मोजक्या, आणि पहाटे जास्त. पहाटे जास्त का, तर मध्यरात्रीनंतर आपण पृथ्वीच्या पुढच्या बाजूला येतो, पावसात बाईक चालवताना छाती भिजते आणि पाठ त्यामानाने कोरडी राहते ना, तेच. आणि उद्गमबिंदूजवळ रेघा आखूड असतात, लांब गेलं की लांब, हेही बघा, कॅस्टरला चिकटून लांबलचक रेघ दिसली तर ती जेमिनिड नाही. नजर थेट कॅस्टरवर रोखूही नका, तिथून तीन-चार मुठी बाजूला ठेवा (हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश).

प्रत म्हणजे ठळकपणा, आकडा जितका लहान तितकी ठळक. ओळखीच्या ताऱ्यांशी तुलना करायची. व्याध उणे १.५, ब्रह्महृदय ०.१, रोहिणी ०.९, पुनर्वसूतले दोन तारे १.१ आणि १.६, मृगाच्या पट्ट्यातले तिघे २ च्या आसपास. ही यादी संध्याकाळीच पाठ करा. पहिल्या तासात अंदाज चुकतील, दुसऱ्या तासात हात बसतो. प्रत लिहायचा कंटाळा करू नका कारण जेमिनिड्समध्ये बारीक खडे आणि मोठे खडे एकाच वेळी येत नाहीत, अंधुक उल्का शिखराच्या आधी जास्त आणि ठळक उल्का शिखरानंतर, ही छाननी तुमच्या प्रतींच्या आकड्यांतूनच दिसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, डोळ्याला दिसणारा सगळ्यात अंधुक तारा कुठल्या प्रतीचा, म्हणजे आकाशाची मर्यादा. इंटरनॅशनल मीटिऑर ऑर्गनायझेशन, म्हणजे आयएमओ, १९८८ पासून जगभरच्या हौशी लोकांच्या नोंदी गोळा करतेय, त्यांनी आकाशातले ठरावीक त्रिकोण दिलेत, कुठल्या ताऱ्यांमधला ते सांगितलेलं असतं. त्या त्रिकोणात दिसतात तेवढे तारे मोजायचे, कोपऱ्यांचे तारेही धरायचे, आणि त्यांच्या तक्त्यात बघायचं की इतके तारे म्हणजे मर्यादा किती. दर तासाला एकदा, आणि धुकं आलं, शेजारच्या शेतातला दिवा लागला, तर लगेच परत.

हिशोब

आता तो "तासाला १५०" चा आकडा. तो आहे उद्गमबिंदू अगदी डोक्यावर, एकही ढग नाही आणि मर्यादा ६.५ असताना एका माणसाला दिसतील इतक्या उल्का. असं आकाश आपल्याला मिळत नाही, म्हणून आपल्या आकड्यावरून तिथे जायचं. समजा साडेबाराच्या आसपास १ तासात ४२ जेमिनिड्स दिसल्या, मर्यादा ५.५ होती, ढग नव्हते, उद्गमबिंदू ६० अंशावर. मर्यादेत एका प्रतीची तूट, जेमिनिड्सना एका प्रतीला २.६ ने गुणायचं, ४२ गुणिले २.६ म्हणजे १०९. त्याला ६० अंशाच्या साइनने, ०.८६६ ने भागायचं, आले १२६. तुमच्या ४२ चे खरे १२६.

हाच वर्षाव त्याच वेळी शहरातल्या गच्चीवरून बघितला, जिथे मर्यादा ४ आहे, तर तासाला फक्त १० दिसतील. वर काही कमी झालेलं नाही, फक्त रस्त्यावरचे दिवे वाढलेत. "काही नाही रे" म्हणून झोपणाऱ्यांचं इथे चुकतं, आणि खरं सांगायचं तर त्यांचा दोष नाही, त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

दोघं असाल तर उंची मोजा

हे मला सगळ्यात जवळचं. १७९८ मध्ये गॉटिंगेनमधल्या दोन विद्यार्थ्यांनी, ब्रँडेस आणि बेंझेनबर्ग, काही किलोमीटर लांब लांब बसून एकाच उल्केची जागा ताऱ्यांमध्ये नोंदवली आणि उल्का शेकडो फुटांवर नसून कित्येक किलोमीटर वर असते हे दाखवून दिलं. आज दोन मैत्रिणी दोन फोन घेऊन हेच करू शकतात. ५० किलोमीटर अंतर असू दे, दोघींच्या घड्याळात सेकंद जुळवून घ्या, आणि ठळक उल्का दिसली की सेकंदासह वेळ आणि ती कुठल्या ताऱ्याजवळ विझली ते बोलून ठेवा. १०० किलोमीटर उंचीवरची उल्का एकीच्या बरोब्बर डोक्यावर असेल तर दुसरीला ती २६-२७ अंश सरकलेली दिसते, अडीच मुठींपेक्षाही जास्त, डोळ्याने सहज कळणारा फरक. कागदावर त्रिकोण काढा आणि उंची काढा. मी आणि माझ्या मावसबहिणीने एकदा काढली तेव्हा ९० च्या घरात आली, त्या रात्री मला झोपच लागली नाही.

फोटोचा सोस असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, वाइड लेन्स, आयएसओ १६०० ते ३२००, १५-२० सेकंदांचे फोटो एकामागून एक, आणि त्याला विसरून जा. लेन्सवर दव धरतं तेवढं अधूनमधून पुसा.

मोठा गोळा दिसला तर

शुक्रापेक्षा ठळक, म्हणजे उणे ४ च्या पुढची उल्का म्हणजे अग्निगोल. आधी वेळ सांगा, मग कुठल्या दिशेला दिसली, कुठे विझली, किती सेकंद, तुकडे झाले का. आणि मग दोन-तीन मिनिटं शांत राहून कान द्या, आवाज मागून येतो. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर जो सुमारे २० मीटरचा दगड फुटला तेव्हा उजेड बघायला लोक खिडकीशी गेले आणि मिनिटा-दोन मिनिटांनी धक्का पोचून काचा त्यांच्या अंगावर आल्या, दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले. इतका उजेड दिसला तर खिडकीपासून लांब जा, हे पोरांनाही सांगून ठेवा.

पण सगळंच जळणारं उल्का नसतं. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात हजारो लोकांनी आकाशातून सावकाश सरकणाऱ्या आगीच्या रेघा बघितल्या, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलं. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत असं जाणकारांनी सांगितलं. फरक वेगात आहे. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर, कक्षेतून पडणारा कचरा ८ च्या आत. म्हणून कचरा आडवा, रेंगाळत, कित्येक सेकंद, बऱ्याचदा एकामागून एक तुकड्यांची रांग करून जातो. जेमिनिड क्वचितच दोन सेकंदांपेक्षा जास्त टिकते.

आणि दगड. वर्षावानंतर लोक शेतातले काळे दगड घेऊन येतात. वर्षावातले खडे वरच संपतात, त्यातून दगड मिळायची आशा धरू नका. खरा अशनी पडतो तो वेगळ्या वेळी, जसा २२ मे २०१२ ला भर दुपारी नागपूर जिल्ह्यात काटोलला पडला, आणि त्या दगडात पुढे ब्रिजमनाइट हे खनिज सापडलं जे एरवी पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खाली असतं. बाहेरून पातळ काळी जळकी साल, आतून फिकट, आकाराच्या मानाने जड, आणि भोकं नाहीत, या खुणा. लोहचुंबक चिकटला म्हणून नाचू नका, आपला दख्खनचा बेसॉल्टही थोडाफार चिकटतो आणि भट्टीतला मळही. खुणा जुळत असतील तर न घासता, न धुता स्वच्छ पिशवीत ठेवा, सापडल्या जागेचा फोटो काढा आणि जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाला कळवा, देशात पडलेल्या अशनींची जबाबदारी त्यांच्याकडेच आहे.

दुसऱ्या दिवशी

झोप काढा पण त्याच दिवशी रेकॉर्डिंग ऐकून कागदावर उतरवा, नाहीतर राहूनच जातं. शिखराच्या रात्री १५-१५ मिनिटांचे गट करा, प्रत्येक गटात जेमिनिड किती, भटक्या किती, कुठल्या प्रतीच्या किती, मर्यादा, ढग, आणि उठलात तो वेळ वजा. मग आयएमओच्या साइटवर फॉर्म भरा, नाव नोंदवलं की फुकट आहे. शून्य उल्कांचा गटही लिहायचा, तीही नोंद असते. आणि फॉर्ममध्ये वेळ जागतिक लागते, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. १४ डिसेंबरच्या पहाटे २ वाजताची नोंद तिथे १३ डिसेंबर, २० वाजून ३० मिनिटं अशी जाते. तारीख बदलायला सगळेच विसरतात, सबमिट करायच्या आधी ती एकदा बघा.